जुनी परदेशी गाडी आणि 'आपला माणूस'

या पानावर सुताचे भाव, यंत्रमागाची वीज, उधारीची वसुली असे विषय येतात. आज मी स्पोर्ट्स कारवर लिहितो आहे. कोणी हसेल तर हसो. मी स्वतः अजून स्कूटरवर दुकानात जातो आणि वाचकांपैकीही फार थोडे अशी गाडी घेतील. पण कोकणातल्या आपल्या प्रत्येक मोहल्ल्यातली दहा-वीस मुले दुबई, शारजा, दोहा, कुवेतला आहेत. घराचा स्लॅब पडला, बहिणीचे लग्न झाले की त्या मुलांच्या बचतीला वाट फुटते ती गाडीची. अमेरिकेहून आलेली जुनी मस्टँग तिकडे नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलाने ती एकदा चालवून पाहिली की मग घरच्यांचे कोण ऐकतो? आणि पैसा बुडाला तर तो इकडच्या घराचाच बुडतो. म्हणून हा विषय आपला आहे.

२०२५ च्या जानेवारीत मालाच्या कामाने दुबईला गेलो होतो. बर दुबईच्या कापड बाजारात माझे जुने संबंध आहेत. भाचा शारजाला एका माल वाहतुकीच्या कचेरीत नोकरी करतो. तो म्हणाला, "मामू, एक गाडी बघितली आहे. तुम्ही फक्त सोबत चला, भाव तुम्ही करा." मला गाडीतले काय कळते! पण भाव करणे हा माझा धंदा आहे, म्हणून गेलो.

गाडी लाल होती. फोर्ड मस्टँग, २०१७ ची, पाठीवर जी. टी. ची अक्षरे, बाजूला ५.० चा बिल्ला. मागणी ६२,००० दिऱ्हम, म्हणजे आपल्या पैशांत चौदा लाखांच्या वर. सौदा जुळवणारा दलाल आमच्या दाजींचा चुलतभाऊ. विक्रेत्याने सलाम-दुआ केली, चहा मागवला, कोकणची चौकशी केली. म्हणाला, "चाचा, घर का मामला है, बयाणा रख दो, गाडी आपकी." बयाणा ५,००० दिऱ्हम, आणि पावतीवर खाली छापलेले की रक्कम परत मिळणार नाही. भाच्याचा हात खिशाकडे गेलाच होता.

मी दार उघडून आत बसलो. अत्तराचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आले. आता थोडे विषयांतर करतो, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमचे दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते बुडाले. पाणी ओसरल्यावर तागेच्या तागे चिखलातून काढले, धुतले, वाळवले. वरून पाहिले तर चांगले दिसत. पण पुराच्या पाण्याचा वास कापडातून जात नाही. अत्तर मारा, कापूर ठेवा, पंधरा दिवसांनी तो परत वर येतो. मी बाहेर पाटी लावली, 'पुरातला माल', आणि निम्म्याहून कमी भावात विकला. एका फिरत्या व्यापाऱ्याने बराचसा माल एकगठ्ठा नेला. पुसण्याच्या चिंध्या करणाऱ्या कारखान्याला द्यायचा आहे, असे त्याने सांगितले होते. दोन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्याच्या आठवडी बाजारात तेच तागे मी नव्या लेबलात, नव्या प्लॅस्टिकमध्ये पाहिले. मी ऐब सांगून विकले होते. माझ्यानंतरच्या हाताने इस्त्री केली, आणि त्याच्यानंतरच्या हातात ऐब नाहीसा झाला. मालात तो होताच, फक्त सांगणारा उरला नव्हता.

अमेरिकेहून येणाऱ्या जुन्या गाड्यांचे नेमके असेच आहे. तिकडे गाडी अपघातात मोडली किंवा पुरात बुडाली आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार झाला, की विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि गाडी स्वतःकडे घेते. मग ती लिलावात निघते. कोपार्टसारख्या कंपन्यांचा हाच व्यवसाय आहे. गाडीच्या मालकीच्या कागदावर, ज्याला तिकडे टायटल म्हणतात, 'सॅल्व्हेज' किंवा 'फ्लड' असा शेरा पडतो. मोडलेल्या अवस्थेतले आठ-दहा फोटो लिलावाच्या यादीत असतात. म्हणजे पहिला हात उघड सांगून विकतो. तिथून गाडी कंटेनरमध्ये चढते आणि आखातात उतरते. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग होते. ज्या दिवशी ती शोरूमच्या दिव्याखाली उभी राहते, त्या दिवशी ती 'एका डॉक्टरने चालवलेली, फक्त ऑफिसला नेणारी' गाडी झालेली असते.

अशा गाड्या विकणे गुन्हा आहे असे माझे म्हणणे नाही. पुढचा पत्रा चेपलेली गाडी नीट दुरुस्त होते आणि स्वस्त मिळते. कमी पैशात हौस भागते. कापडात आपण सेकंडचा माल विकतोच की! प्रश्न एवढाच आहे की ऐब गाडीबरोबर पुढच्या हातात जातो की मधेच कुठे गाळला जातो. विश्वासाचा विक्रेता कोण, याचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे. ज्याच्या हातून गाडीसोबत तिचा ऐबही गिऱ्हाईकाकडे जातो, तो. बाकी सलाम, चहा, दाढी, गाव, भाषा, दुकानाची काच, यातले काहीही पुरावा नाही.

तर मी लाल गाडीत बसलो होतो. अत्तराच्या खाली तो वास होता. २०२१ नंतर मी तो झोपेतही ओळखीन. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी कोणी तो एवढा ओढत नाही, म्हणून धुणाराही विसरतो. शेवटच्या हातभर पट्ट्यावर पिवळसर कड होती, आमच्या ताग्यांवर होती तशीच. सीटखाली हात घातला. लोखंडी पट्ट्यांच्या खाचेत बारीक माती, आणि बोल्टवर गंज. विक्रेता म्हणाला, "चाचा, ए.सी. का पानी है." ए.सी.चे पाणी माती घेऊन येत नाही, एवढे कापडवाल्यालाही कळते.

मग मी चेसिस नंबर मागितला. या गाड्यांचा नंबर पुढच्या काचेतून, ड्रायव्हरच्या बाजूला खाली दिसतो. तिथे टिश्यू पेपरचा डबा ठेवलेला होता. डबा उचलायला लागलो तर दलाल मधे आला. "मामू, नंबर घेऊन काय करणार? आपल्या माणसावर विश्वास नाही काय?"

ज्या क्षणी विक्रेता किंवा दलाल चेसिस नंबर द्यायला कचरतो, त्या क्षणी उठावे. चहा अर्धा राहिला तरी चालेल. कारण सगळी विद्या त्या सतरा अक्षर-आकड्यांत आहे. अमेरिकेत कारफॅक्स नावाची कंपनी आहे. चेसिस नंबर दिला आणि काही डॉलर भरले की गाडीचा तिकडचा इतिहास मिळतो. टायटलवरचा शेरा, नोंदलेले अपघात, कोणत्या तारखेला किती मैल झाले होते, हे सगळे. शिवाय नुसता नंबर इंटरनेटवर टाकला तरी पुष्कळदा लिलावाचे फोटो निघतात. काही विक्रेते पैसे देऊन हे फोटो काढून टाकायला लावतात, म्हणून फोटो सापडला नाही याचा अर्थ गाडी चांगली असा घेऊ नये. अहवाल कोरा आला तरी तपासणी चुकवू नये. नोंद न झालेला अपघात अहवालात येणार कुठून?

भाच्याच्या मित्राने मोबाईलवर अहवाल काढला. सप्टेंबर २०२२, फ्लोरिडा, पुराचे पाणी. त्या महिन्याच्या शेवटी तिथे इयन नावाचे चक्रीवादळ आले होते. फोटोत गाडीच्या सीटपर्यंत चिखल होता. आणखी एक गोष्ट निघाली. त्या नंबरातले आठवे अक्षर इंजिनाचे असते. पाच लिटरच्या आठ सिलिंडरवाल्या मस्टँगला तिथे 'एफ' असतो. या गाडीला 'एच' होता, म्हणजे २.३ लिटर, चार सिलिंडर. बाजूचा ५.० चा बिल्ला बाजारातून आणून चिकटवलेला. आपल्याकडे यंत्रमागाच्या कापडाच्या किनारीवर नामवंत गिरणीचा शिक्का मारणारे होते आणि आहेत. धंदा बदलला तरी हुन्नर तेच.

नंबराबद्दल अजून दोन गोष्टी सांगून ठेवतो. दहावे अक्षर मॉडेलच्या वर्षाचे. 'एच' म्हणजे २०१७, 'जे' २०१८, 'के' २०१९, 'एल' २०२०. मधले 'आय' वापरत नाहीत. आणि पहिला आकडा १ असला म्हणजे गाडी अमेरिकेत बनली एवढेच. मस्टँग आखातासाठी बनवलेली असो की अमेरिकेसाठी, बनते तिकडेच, मिशिगनमध्ये. तेव्हा एवढ्यावरून 'जी.सी.सी.' की 'अमेरिकन' हे ठरवू नये. जी.सी.सी. म्हणजे आखातातल्या उन्हाळ्याचा विचार करून थंड ठेवण्याची व्यवस्था केलेली, तिथल्या एजन्सीतून विकलेली गाडी. तिची किंमत जास्त असते आणि ती असायलाही हवी. मात्र जी.सी.सी. आहे म्हणून डोळे मिटू नयेत. १६ एप्रिल २०२४ ला दुबई-शारजात जो पाऊस झाला, त्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या हजारो गाड्या बुडाल्या. त्यांचे टायटल अमेरिकेत नाही, त्यामुळे कारफॅक्समध्ये त्या सापडणार नाहीत. तिथे नाक आणि सीटबेल्टच कामाला येतात. जपानहून आलेली गाडी असेल तर तिकडच्या लिलावाचा एक तक्ता असतो, त्यावर गाडीचा दर्जा लिहिलेला असतो. 'आर' लिहिले असेल तर ती दुरुस्त झालेली समजावी. तो तक्ताही विक्रेत्याच्या हातातला न मानता स्वतः पडताळून घ्यावा.

मैलांचेही सांगतो. लाल गाडीच्या घड्याळात ३८,००० दिसत होते. दलाल मोठ्याने म्हणाला, "फक्त अडतीस हजार चालली आहे." आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात मैल लिहिलेले होते. ३८,००० मैल म्हणजे ६१,००० किलोमीटर. त्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. वार आणि मीटर यांच्या फरकावर आपल्या बाजारात किती लोकांनी माड्या बांधल्या, ते जुन्या लोकांना ठाऊक आहे.

एअरबॅगचे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही, तिथे जीव आहे. अपघातात फुटलेली एअरबॅग नवी बसवायला खर्च येतो. म्हणून काही गॅरेजवाले आत काहीच न बसवता वरचे झाकण नीट करून देतात. किल्ली फिरवली किंवा बटण दाबले की पुढच्या फळीवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून तसाच राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कारण तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. हे लिहिताना मला भाच्याचा हात खिशाकडे जाताना दिसतो.

विक्रेते आणखी एक गोष्ट पुढे करतात, "पासिंग मी करून देतो." तिकडे नोंदणीच्या वेळी जी तपासणी होते, ती गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे की नाही एवढ्यापुरती. गाडी पैशांच्या मोलाची आहे की नाही, हे पाहणे तिचे कामच नाही. त्याच केंद्रांवर आणि खासगी गॅरेजांत पूर्ण तपासणी पैसे भरून करून मिळते. ती आपण निवडलेल्या ठिकाणी करावी, विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे. आणि बयाणा देण्याआधी चेसिस नंबर विमा कंपनीला कळवून भाव मागावा. विमावाल्याला गाडी विकायची नसते, त्यामुळे तो खरे बोलतो. बाहेरून आलेल्या गाडीला पुष्कळदा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा मिळतो, आपल्या गाडीचा नाही. हे पैसे दिल्यानंतर कळून काय उपयोग?

तर लाल गाडी आम्ही सोडली. दलालाला राग आला. त्याचे २,००० दिऱ्हम कमिशन गेले होते, पण बोलताना तो कमिशनचे नाव घेत नव्हता. मी चारचौघांत त्याची बेइज्जती केली, हेच तो बोलत राहिला. त्या रात्रीच बहिणीचा गावाहून फोन. "भाई, तुम्ही पाहुणे म्हणून गेलात, येऊन जाल. आमचे नाते त्यांच्याशी आहे." तिचे खोटे नाही. आपल्यात सौदा मोडला की नाते मोडते, म्हणून पुष्कळ मुले सगळे दिसत असूनही गप्प बसतात आणि पैसे मोजतात. दलालांना हे चांगले ठाऊक असते. 'आपला माणूस' या दोन शब्दांवर जेवढा खराब माल खपतो, तेवढा जाहिरातीवर खपत नसेल. मी तर म्हणेन, आपल्या माणसाकडून घ्यायचे असेल तर परक्यापेक्षा जास्त कागद मागावेत. परक्याशी तक्रार करता येते. तिकडे ग्राहकाची तक्रार ऐकणारे सरकारी खातेही आहे. दाजींच्या चुलतभावाविरुद्ध कोण जाणार?

चार दिवसांनी दुबईत अल अवीरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. तिथे एक मलबारी विक्रेता भेटला. ना आपल्या गावचा, ना आपल्या बोलीचा, चहाही विचारला नाही. २०१८ ची पांढरी मस्टँग, २.३ लिटर, अमेरिकन. आम्ही गाडीभोवती एक फेरी मारतो तोवर त्याने मोबाईल समोर धरला. "पहले ये देखो." लिलावाचे फोटो होते. पुढचा डावा मडगार्ड, दिवा आणि बंपर गेलेला. एअरबॅगा जागच्या जागी. मग त्याने दुरुस्तीची बिले दाखवली आणि चेसिस नंबर कागदावर स्वतः लिहून दिला. म्हणाला, "तुमच्या गॅरेजात न्या. पैसे नंतर."

तो फरिश्ता नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच्याही पावतीवर परतीची अट नव्हती. 'तपासणीत न सांगितलेला ऐब निघाल्यास पूर्ण रक्कम परत' असे मी हाताने लिहायला लावले, तेव्हा त्याने तोंड वाकडे करून सही केली. गाडी कोणाच्या नावावर आहे, त्यावर बँकेचे कर्ज आहे का, हे आम्ही मुल्किया पाहून खात्री केली, कारण अशा दुकानांत पुष्कळ गाड्या दुसऱ्याच्या असतात, विकायला ठेवलेल्या. तपासणीत मागचे दोन टायर फार जुने निघाले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेवढे पैसे त्याने कापले. मागणी ५८,००० होती, ५६,५०० ला सौदा झाला. याहून खाली तो आला नाही आणि मीही ओढून धरले नाही. सांगून विकणाऱ्याचा भाव शेवटच्या दिऱ्हमपर्यंत पिळला, तर पुढच्या वेळी तोही फोटो लपवील.

आपल्या फिक्हमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणून बाब आहे. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क. आपले दुकानदार तो खरेदीच्या वेळी आठवतात, विक्रीच्या वेळी विसरतात. मी स्वतःला यातून वगळत नाही. पुराची पाटी लावली तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता, वास येत होता. वास येत नसता तर पाटी लावली असती का, याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट. परतताना ही गाडी भारतात आणू, असे काही मुलांच्या मनात असते. आखातातल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि आपल्याकडे जुनी गाडी आणायची तर ते उजवीकडेच लागते. तेव्हा तो विचार सोडावा. आणि इथे कोणी परदेशी गाडी स्वस्तात देतो म्हणाला, तर कस्टम्सचे कागद आधी पाहावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. ज्यांच्या दारातून त्या गेल्या, ती मंडळी काही साधी नव्हती.

दलाल अजून माझ्याशी बोलत नाही. बहिणीचा राग मात्र गेला. मार्चमध्ये भाच्याचा फोन आला. त्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तीच लाल गाडी उभी होती, नवा मालक मंडणगडकडचा एक मुलगा, सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेला. "मामू, त्याला सांगू की नको? घेऊन झाली आहे, उगीच मन मोडेल." मी म्हटले, पुराचे नंतर सांग, आधी एअरबॅगचा दिवा पाहायला सांग, आणि तो अहवालाचा कागद त्याच्या हातात दे.